‘पुढे न्या’ म्हणण्याआधी

पावसाळ्यात आमच्या अतिदक्षता विभागात शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातून रुग्ण आला की मी आधी त्याच्याकडे पाहतो आणि लगेच त्याच्या नातेवाईकाच्या हातातल्या चिठ्ठीकडे. भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, खिशात जपून आणलेला तो कागद असतो. त्यावर तीन-चार ओळी असतात : ‘पाच दिवस ताप. धाप. लघवी कमी. सलाईन दिले. पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ कधी एका चिठ्ठीला दुसरी टाचलेली असते, दुसरीला तिसरी. पहिली आरोग्य केंद्राची, दुसरी तालुक्याच्या रुग्णालयाची, तिसरी शहरातल्या एखाद्या इस्पितळाची, जिथे त्या रात्री खाट नव्हती. पहिल्या चिठ्ठीवर वेळ असते संध्याकाळी सातची आणि रुग्ण आमच्या दारात येतो तो पहाटे चारला. या नऊ तासांत त्याला काय मिळाले, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. बहुतेक वेळा उत्तर एकच येते. त्याला रस्ता मिळाला.

एका वर्षी अशाच पहाटे एका म्हाताऱ्या आईने मला विचारले होते, ‘‘दादा, आता आनखी कुठं न्यायचा याला?’’ मुलगा तिशीतला, आवणीच्या दिवसांत तापाने पडलेला. त्याला आणखी कुठे न्यायचे नव्हते. ते शेवटचे ठिकाण होते आणि फार उशीर झाला होता. अतिदक्षता विभागात पंचवीसहून अधिक वर्षे काढल्यावर मृत्यूची सवय होते असे लोक समजतात. मृत्यूची होत असेलही. पण त्या चिठ्ठ्यांची मला अजून झालेली नाही.

या दोन तालुक्यांचे भाग्य विचित्र आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात. तानसाचे धरण तर १८९२ सालचे. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वैद्यकीय ज्ञानाचेही काहीसे असेच आहे. तापाच्या गंभीर आजारांवर मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांतून परिषदा भरतात, आम्ही तज्ज्ञ मंडळी तिथे पडद्यावर आलेख दाखवतो आणि संध्याकाळी परततो. ज्या माणसाला तो ताप येतो तो डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूला असतो आणि त्याला पहिला हात लावणारा डॉक्टर त्या परिषदेला आलेला नसतो.

मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे : जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या माणसाला वाचवण्याबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत जे खरोखर नवे कळले, त्यातले बरेचसे महागड्या यंत्रांविषयी नाही. ते पहिल्या काही तासांविषयी आहे, स्वस्त औषधांविषयी आहे आणि बऱ्याचदा हात आखडता घेण्याविषयी आहे. म्हणजेच ते आमच्यापेक्षा शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरांच्या उपयोगाचे अधिक आहे.

अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळात एका साथीतून जन्मली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांसाठी यंत्रे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची युक्ती काढली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. जगातले पहिले अतिदक्षता केंद्र उभे राहिले ते विद्यार्थ्यांच्या मनगटांवर. आपल्याकडे मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर जे काम केले तेही याच जातीचे. जवळ बसून राहणे, पाहत राहणे आणि योग्य क्षणी योग्य ते करणे. (धनुर्वाताचे अर्भक आज तरुण डॉक्टरांना पाहायला मिळत नाही, हे मात्र लसीचे श्रेय. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले.)

आणि आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण तर घरचेच. विंचूदंश हा काही जंतुसंसर्ग नव्हे, पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरून जे सिद्ध केले, ते अतिदक्षतेचे शास्त्र होते. पूर्वी दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’मध्ये जगाने ते वाचले. हे संशोधन मुंबईहून महाडला गेले नाही. ते महाडहून जगात गेले.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. २००१ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. जंतुदोषाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या सहा तासांत भरपूर सलाईन, मोठ्या शिरेत नळी, सतत मोजमाप, असा आक्रमक उपचार केला तर मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर येतो, असे त्यात दाखवले होते. आम्ही सगळे त्या निबंधाने भारावून गेलो. मी त्या वेळी ज्या रुग्णालयात होतो तिथे आम्ही बाटल्यांमागून बाटल्या चढवू लागलो. एक तरुण शेतकरी आला, ताप, डोळे पिवळे, रक्तदाब कमी. आम्ही नियमाप्रमाणे सलाईन दिले, आणखी दिले. रात्रीतून त्याची फुप्फुसे पाण्याने आणि रक्ताने भरली. आमच्याकडचे एकुलते रिकामे श्वसनयंत्र त्या दिवशी नादुरुस्त होते. तो गेला. लेप्टोस्पायरोसिसमध्ये फुप्फुसात रक्तस्राव आजारानेच होतो. तो आमच्यामुळेच गेला असे कुणी सिद्ध करू शकणार नाही. आमच्यामुळे गेला नाही, असे मीही म्हणू शकत नाही.

पुढे काय झाले पाहा. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील तापाने अत्यवस्थ झालेल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अतिदक्षता विभाग नसलेली, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांसारखी ती रुग्णालये. भराभर सलाईन दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास पहिल्या ४८ तासांत दगावली. सावकाश दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. सगळ्यांची अपेक्षा नेमकी उलट होती. २०१४-१५मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथील तीन मोठ्या चाचण्यांत रिव्हर्स यांच्या आक्रमक पद्धतीचा नेहमीच्या दक्ष उपचारापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. आणि २०१७ साली झांबियातून आलेला निष्कर्ष तर अंगावर काटा आणणारा होता. तिथल्या मोठ्यांमध्ये, बहुतेक एचआयव्हीबाधित, सलाईन व रक्तदाब वाढवणारी औषधे ठरावीक नियमाने दिलेल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू झाले. डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात ३३ टक्के. पुढे २०२३मध्ये अमेरिकेत सलाईन हात राखून देण्याची आणि सढळ देण्याची तुलना झाली तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. पण तिथे फुप्फुसे भरली तर शेजारी श्वसनयंत्र असते. मुरबाडहून कल्याणकडे धावणाऱ्या गाडीत ते नसते.

याचा अर्थ सलाईन वाईट, असा कुणी काढू नये. पटकी, अतिसार यांत तेच जीव वाचवते. डेंग्यूतही ते लागते, पण मोजून. सांगायचे ते एवढेच की ‘सलाईन लावले’ म्हणजे उपचार झाला, ही जी आपली समजूत आहे ती डॉक्टरांनी आणि लोकांनी मिळून जोपासली आहे. नातेवाईक विचारतात, ‘बाटली लावली का?’ बाटली लटकताना दिसते, म्हणून बरे वाटते. गोळी दिसत नाही.

आणि खरी गोष्ट त्या गोळीतच आहे.

जुलै महिन्यात या भागात चार ताप एकाच वेषात फिरतात. भाताच्या खाचरात दिवसभर पाय चिखलात. त्या पाण्यात उंदराचे, गुराचे मूत्र मिसळते आणि पायाच्या भेगेतून लेप्टोचा जंतू आत शिरतो. झाडीझुडपांत, गवतात सूक्ष्म किड्यांची पिल्ले असतात. ती चावली की स्क्रब टायफस होतो. डासांचे हिवताप आणि डेंग्यू आहेतच. तिसऱ्या दिवशी या चौघांना वेगळे ओळखणे मलाही जमत नाही, मग मध्यरात्री कंदिलात किंवा मोबाईलच्या उजेडात तपासणाऱ्या डॉक्टराला ते जमावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पूर्वीचे शिक्षण सांगे : आधी निदान, मग औषध. २०१४ साली अतिदक्षतातज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने उष्ण कटिबंधातल्या तापांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत हा क्रम धीटपणे बदलला. तापासोबत कावीळ आहे की धाप, शुद्ध हरपते आहे की अंगावर पुरळ, एवढे पाहा. त्यावरून संभाव्य आजारांची मोट बांधा. जे आजार औषधाने बरे होतात त्यांची औषधे लगेच सुरू करा. तपासणीचा निकाल मागून येऊ द्या. देशातील ३४ अतिदक्षता विभागांत अशा रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा डेंग्यूच्या खालोखाल स्क्रब टायफस निघाला. महाराष्ट्रात त्याचे नाव सर्वसामान्यांना कळले ते २०१८मध्ये, नागपूर-विदर्भाकडे त्याची साथ आली तेव्हा. तोवर मीही तो पुस्तकातलाच आजार समजत असे.

स्क्रब टायफसची एक खूण असते. चावल्याच्या जागी काळी खपली, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि ती असते काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली, स्तनांखाली. घाईत कपडे न काढता तपासणाऱ्याला ती सापडायची नाही. परिचारिकेला सोबत घेऊन नीट तपासले तर फुकटात निदान होते. (आमच्या विभागात एकदा असा एक रुग्ण चार दिवस होता, हजारो रुपयांच्या तपासण्या झाल्या आणि खपली सापडली ती त्याला अंघोळ घालणाऱ्या आयाबाईंना.) औषध डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची गोष्ट. तेच लेप्टोवरही चालते. गर्भवतीसाठी अझिथ्रोमायसिन आहे. २०२३ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातील सात केंद्रांत गंभीर स्क्रब टायफसवर मोठी चाचणी झाली. डॉक्सिसायक्लिन एकटे किंवा अझिथ्रोमायसिन एकटे दिल्यावर सुमारे ४७-४८ टक्के रुग्णांत मृत्यू, रेंगाळलेली गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काही ना काही राहिले. दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यावर ३३ टक्क्यांत. केवळ मृत्यूंची संख्या पाहिली तर ठळक फरक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरी आपल्या देशातल्या, आपल्या रुग्णांवरच्या अभ्यासाने जगाची उपचारपद्धती बदलावी, ही साधी गोष्ट नव्हे.

हिवतापाचेही तसेच. मेंदूत गेलेल्या हिवतापावर आम्ही विद्यार्थी असताना क्विनाइन हेच औषध होते. तेही तासन्‌तास थेंबाथेंबाने सोडायचे, साखर उतरते का ते पाहत बसायचे. २००५मध्ये भारतासह आशियातील चार देशांतल्या चाचणीत आर्टेसुनेटने मृत्यूचे प्रमाण २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले. ज्या चिनी वनस्पतीपासून ते आले तिच्या संशोधनासाठी तू यूयू यांना २०१५चे नोबेल मिळाले. आर्टेसुनेट शिरेतून दोन-चार मिनिटांत देता येते, दंडात किंवा मांडीतही टोचता येते. म्हणजे गाडी येईपर्यंतच्या वेळात.

वेळ का महत्त्वाचा? जंतुदोषाने रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक मिळायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटवतो, असे कॅनडातील डॉ. आनंद कुमार यांच्या २००६च्या अभ्यासात दिसले. हा आकडा वादातीत नाही, पण त्याची दिशा कुणी नाकारत नाही. आता चिठ्ठीवरचे ते नऊ तास पुन्हा मोजा.

रुग्ण खरोखर कोसळतो आहे का, हे ओळखायला तरी यंत्र लागेल ना? तेही फारसे नाही. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून धरा, सोडा आणि पांढरे पडलेले कातडे किती वेळात लाल होते ते मोजा. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्ताभिसरण बिघडले आहे. २०१९ साली दक्षिण अमेरिकेत ही बोटाची परीक्षा आणि रक्तातील लॅक्टेटची तपासणी यांची अतिदक्षता विभागातच तुलना झाली. बोटावर भरवसा ठेवलेल्या गटात ३४.९ टक्के मृत्यू, लॅक्टेटच्या गटात ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक जेमतेम कमी पडला, पण बोट यंत्रापेक्षा डावे ठरले नाही एवढे नक्की. श्वासाची गती मिनिटभर मोजणे, माणूस नीट बोलतो की बरळतो ते पाहणे, यांनाही खर्च नाही. राहिला ऑक्सिजन मोजायचा. २०२०च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी हिंडली होती. म्हणजे ती विद्या गावात येऊन गेलेली आहे. करोनाने आम्हालाही पुन्हा तेच शिकवले : डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध श्वसनयंत्रावरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटवून गेले आणि महागडी इंजेक्शने मिळवण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या.

या सगळ्यावर एक आक्षेप माझेच सहकारी घेतात. खेड्यात अशी मुभा दिली तर प्रत्येक तापाला प्रतिजैविक दिले जाईल आणि जंतू आणखी निर्ढावतील. आक्षेप खरा आहे. २०१०मध्ये ‘एनडीएम-१’ या नावावरून केवढा गदारोळ उठला होता ते वाचकांना आठवत असेल. पण निर्ढावलेल्या जंतूंची बाग फुलते ती मुख्यतः आमच्या वातानुकूलित विभागांत, शेवटच्या फळीच्या प्रतिजैविकांवर. तापाने धाप लागलेल्या शेतकऱ्याला डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस देणाऱ्या डॉक्टरावर त्याचे खापर फोडणे मला पटत नाही. आणि डेंग्यूच्या रुग्णाला तो अनाठायी मिळाला तर नुकसान थोडे आहे. लेप्टोच्या रुग्णाला तो मिळाला नाही तर नुकसानीला मोजमाप नाही. मात्र हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या घेऊ नयेत, एवढे स्पष्ट सांगतो.

दुसरी अडचण अवघड आहे, कारण ती शास्त्राची नाही. ‘पुढे न्या’ लिहिणारा डॉक्टर आळशी नसतो, बहुधा घाबरलेला असतो. रुग्ण त्याच्या टेबलावर गेला तर जमाव येतो, चौकशी लागते. रस्त्यात गेला तर कुणालाच विचारले जात नाही. आपल्या व्यवस्थेने काही करणाऱ्याला धोका आणि काही न करणाऱ्याला सुरक्षा देऊन ठेवली आहे. २०१४पासून १०८ क्रमांकाची गाडी आली, ती मोठीच सोय झाली. पण गाडी आली म्हणून आधीचे उपचार थांबवायचे नसतात. आरोग्य खात्याने एक साधा लेखी आदेश काढावा : तापाच्या अत्यवस्थ रुग्णाला ठरवून दिलेल्या औषधांचा पहिला डोस देऊनच गाडीत चढवावे आणि तो दिल्याबद्दल कुठल्याही डॉक्टराला जाब विचारला जाणार नाही. ती औषधे आवणीपूर्वी, म्हणजे मे अखेरीस, प्रत्येक केंद्रात मोजून ठेवावीत. याला नवी इमारत लागत नाही. म्हणूनच कदाचित ते होत नसावे. उद्घाटन कशाचे करणार?

यात नव्या आजारांचाही प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्या मरू लागल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. हजारो पक्षी नष्ट करावे लागले. उद्या असा एखादा विषाणू माणसात उतरलाच, तर त्याचा पहिला रुग्ण माझ्याकडे येणार नाही. तो जवळच्या आरोग्य केंद्राच्या बाकावर खोकत बसलेला असेल.

मागे अशाच एका केंद्रात मी तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलत होतो. मी त्याला हे आलेख, ही टक्केवारी सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘सर, मला इथे चौथं वर्ष आहे. मी पाठवलेल्या एकाही पेशंटचं पुढे काय झालं, निदान काय निघालं, जगला की गेला, हे मला कुणी कधी कळवलं नाही. मग मी शिकणार कशावरून?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने पाठवलेल्यांपैकी काही जण माझ्याच विभागात आले असणार. त्यांच्या चिठ्ठ्या आम्ही केसपेपरला टाचल्या आणि केसपेपर कपाटात गेले.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. चिठ्ठी आली की तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहायचे, फोटो काढायचा आणि पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर धाडायचा. पहिले उत्तर मी लिहिले ते असे : ‘तुमचा रुग्ण दाखल केला. डाव्या काखेत काळी खपली सापडली. स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन तिथेच दिले असते तर बरे झाले असते. चौथ्या दिवशी ताप उतरला, आज घरी गेला.’ तासाभराने त्याचा निरोप आला. आणखी एक रुग्ण निघाला होता, खपली सापडली नव्हती, पण पहिला डोस रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी दिला होता.